अठ्ठेचाळीस किलोचा मुक्काम

सर, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली तरी माझं तुमच्याशी भांडण चालूच आहे, आणि या आठवड्यात ते जरा जास्तच वाढलं आहे. जिवंतपणी तुमच्याशी भांडायची सोय नव्हती. मी तोंड उघडलं की तुम्ही हातात ठोसे झेलायचे पॅड चढवायचात, आणि पॅड दिसलं की माझं तोंड बंद होऊन हात सुरू व्हायचे. आता तुमच्याकडे पॅड नाहीत, म्हणून निवांत लिहितो. माझ्यासमोर राज्य बॉक्सिंग स्पर्धेचा प्रवेशअर्ज पडला आहे. नाव, जन्मतारीख, रक्तगट, पालकांची सही, सगळं भरून झालंय. फक्त वजनगटाची चौकट रिकामी आहे. अर्ज उद्या दुपारपर्यंत पोचायला हवा. मुलगी मढची, कोळ्यांची. सहा वर्षं माझ्याकडे शिकते आहे, तीन वर्षं ओळीनं अठ्ठेचाळीस किलोत राज्याची विजेती आहे, आणि चारचौघांसारखी जेवली-झोपली की तिचं वजन चोपन्न भरतं. तिला अठ्ठेचाळीसातच राहायचंय. मला तिला चोपन्नात न्यायचंय. मी समजावायला बसलो की ती तुमचा दाखला देते. तुम्हाला तिनं कधी पाहिलेलं नाही, तुम्ही गेलात तेव्हा ती जेमतेम रांगत असेल, पण माझ्याविरुद्ध साक्षीदार म्हणून तिला तुम्हीच सापडलात. हा तुमचा स्वभावच म्हणायचा.

तुमच्या माहितीसाठी सांगतो, मी आता बोरीवलीला असतो. दिवसा शाळेत संस्कृत शिकवतो आणि संध्याकाळी त्याच शाळेच्या हॉलमध्ये बॉक्सिंग. स्टाफरूममध्ये यावर वर्षानुवर्षं तेच दोन विनोद होतात आणि मी दर वेळी नव्यानं हसतो, कारण गणिताच्या बाई चिवड्याचा डबा माझ्याकडे सरकवतात. यंदा मी अठ्ठेचाळीस झालो, वयानं. वजनाच्या बाबतीत तो आकडा आता मला फक्त फोटोत दिसतो. संस्कृतचं खापर तुमच्यावर फोडता येत नाही, ते वडिलांचं. नांदेडकडच्या खेड्यातून भांडुपला आलेला माणूस. आठवीला मला संस्कृत घ्यायला लावलं ते मार्कांसाठी नव्हे. म्हणाले, "तुझ्या आज्याला जे कानावर पडू दिलं नसतं, ते तू फळ्यावर उभं राहून शिकव." मी शिकवतो. तुम्हाला त्या संस्कृतचा उपयोग एकच, मला हाक मारण्यापुरता. "काय पंडित, गार्ड खाली का?" बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावरचा तो हॉल, एका कोपऱ्यात गोणपाटात जुने कपडे कोंबून शिवलेली बॅग, आणि कारखान्यातून थेट आलेले तुम्ही, खाकी पँट, हाताला कटिंग ऑइलचा वास. त्या वासात अजूनही माझी हनुवटी आपोआप छातीकडे जाते आणि मुठी वर येतात. मागे स्कूटर दुरुस्तीला दिली होती, तेव्हा मेकॅनिक बिचारा दोन पावलं मागे सरकला.

संस्कृतात गुरु म्हणजे शिकवणारा, हे सगळ्यांना माहीत असतं. गुरु म्हणजे जड, हे वृत्त शिकायला लागलं की कळतं. तुम्ही दोन्ही अर्थांनी होतात, नव्वदच्या खाली मी तुम्हाला पाहिलं नाही. मी लघु. वृत्तात लघु अक्षराचं मोठं नाजूक असतं. पुढे जोडाक्षर आलं की ते गुरु होतं, डोक्यावर अनुस्वाराचं टिंब पडलं तरी गुरु होतं. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात मी डोक्याला तेल लावत नसे ते या धास्तीनं. आणि ओळीच्या शेवटी आलेल्या लघूला गरज पडली तर गुरु मानायची सवलतही आहे. उलटी सवलत मात्र नाही; मला शिकवलं तेवढ्यात तरी नाही. गुरु अक्षर कितीही अवघडून बसलं तरी त्याला कुणी लघु मोजत नाही. हा नियम मी दरवर्षी नववीच्या वर्गाला सांगतो आणि सांगताना दर वेळी तुमची आठवण येऊन चिडतो.

कारण तुम्ही मला मोजायचात कशावर, तर भंगारवाल्याच्या काट्यावर. हॉलखालच्या गल्लीत त्याचं दुकान होतं, जमिनीवर ठेवलेला मोठा लोखंडी काटा, त्यावर पत्र्याचे डबे आणि सायकलच्या रिमा मोजल्या जायच्या. दर रविवारी सकाळी आम्ही पोरं चड्डीवर रांगेत, आणि तुम्ही प्रत्येकाला त्या काट्यावर उभं करून आकडा वहीत टिपायचात. "डॉक्टरकडचा काटा लाड करतो," तुम्ही म्हणायचात, "हा लोखंड मोजतो, हा खोटं बोलणार नाही." आयुष्यभर लेथवर सुताचा फरक पकडणारा माणूस, तुमच्या डोक्यात एकदाही आलं नाही की भंगारवाला लोकांकडून माल विकत घेतो. मी एकोणीस वर्षांचा, गेल्या वर्षीचा राज्य विजेता. रविवारी त्या काट्यावर माझं वजन बरोब्बर अठ्ठेचाळीस, आणि सोमवारी स्पर्धेच्या अधिकृत काट्यावर एकोणपन्नास किलो दोनशे ग्रॅम. पंच म्हणाले, एक तास देतो. मी रेनकोट घालून मैदानाला फेऱ्या मारतोय, तोंडात चिंच धरून डब्यात थुंकतोय, आणि तुम्ही बाजूनं धावताय, नव्वद किलोचे, घड्याळ हातात धरून. शेवटी दोनशे ग्रॅम उरले तेव्हा तुम्ही रस्त्यापलीकडचा न्हावी गाठलात आणि माझं डोकं तासून आणलंत. केसांचं वजन किती असतं ते त्या दिवशी मला कळलं: फारसं नसतं. उरलेलं थुंकून पुरं केलं. घरी गेलो तर आईनं दारातच विचारलं, "श्रामणेर शिबिराला बसून मुंडण केलंस का रे? सांगून तरी जायचं."

परत आल्यावर तुम्ही भंगारवाल्याला जाब विचारायला गेलात, मी मागे टक्कल घेऊन. तो बिचारा खरोखर गोंधळला होता. म्हणाला, "मास्टरजी, आप सच्ची में उसपे बच्चों का वजन करते थे? मेरे को लगा मस्ती चल रही है. वो लेने का काटा है, देने का नहीं." तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि वही बंद केलीत. दोन वर्षं मी घ्यायच्या काट्यावर उभा होतो आणि आपण दोघं खुशीत होतो, कारण तो आपल्याला हवं तेच सांगत होता.

त्या स्पर्धेत मी दोन लढती जिंकलो. अंतिम लढतीत शेवटच्या फेरीत समोरच्याचा ठोसा मला येताना दिसत होता, अगदी स्वच्छ दिसत होता, आणि पाय हलत नव्हते. मार लागल्याचं आठवत नाही, पाय हलले नाहीत ते आठवतं. हरून खाली उतरलो तर तुम्ही टॉवेल खांद्यावर टाकत म्हणालात, "पंडित, पाय घरी ठेवून आलास का?" तुम्हाला माहीत होतं पाय कुठे गेले होते. सोमवारी एका डब्यात थुंकून आपण दोघांनी मिळून ते घालवले होते. या एका वाक्यासाठी मी तुम्हाला बराच काळ माफ केलं नाही.

यानंतर कुठल्याही शहाण्या माणसानं मला वरच्या गटात पाठवलं असतं. तुम्ही आपल्या हॉलमधल्या दुसऱ्याला पाठवलंत. तोच तो, गालावर तीळ असलेला, माझ्याकडून रोज नाक फोडून घेणारा. तो एक्कावन्नात गेला आणि वर्षभर जिथे गेला तिथे हरला. आम्ही त्याला 'पहिली फेरी' म्हणायला लागलो, कारण त्यापुढे तो कुठेच जात नसे. मग हळूहळू त्याचं अंग भरलं, तो चोपन्नात गेला, देशाच्या संघात गेला, त्याचा फोटो पेपरात आला. मी अठ्ठेचाळीसात राहिलो. आणखी दोन वर्षं स्वतःला वाळवलं, दर वेळी जरा लवकर हरलो, आणि बाविसाव्या वर्षी वजन करायच्या रांगेतच चक्कर येऊन पडलो. लढायचं सोडून मोजतानाच बाद झालेला मी पहिलाच नसेन, पण फोटो कुणी काढला नाही. तेव्हापासून मला कुणीही विचारलं, की एवढा चांगला होतास तर पुढे काय झालं, तर माझं एक वाक्य तयार असतं: आमच्या सरांनी मला वर जाऊ दिलं नाही. बायकोला सांगितलंय, मुलाला सांगितलंय, गणिताच्या बाईंना तर दोनदा. लोक च्‌ च्‌ करतात. चांगलं वाक्य आहे, सव्वीस वर्षं टिकलं.

तर आता ही मुलगी. तिची आई दुपारी बोरीवलीच्या मासळीबाजारात बसते. सोमवारी शाळा सुटल्यावर मी तिला भेटायला गेलो, कारण पोरगी ऐकेना तर आईमार्फत प्रयत्न करावा असा विचार. तिनं मला बसायला उलटा क्रेट दिला आणि कोयत्यावर मासे कापता कापता ऐकून घेतलं. मी सांगितलं, की ताई, ती वाढते आहे, सहा किलो पाणी काढून ती रिंगमध्ये जाते, हे फार दिवस चालणार नाही.

"मास्तर, वाळवायचं आम्हाला शिकवू नका," ती म्हणाली. "चार पिढ्या तेच करताव आम्ही."

"बोंबील वेगळा, ताई."

"बोंबील तक्रार करत नाय, एवढाच फरक." मग तिनं समोरच्या फळीवरचा वाटा दाखवला. छोट्या पापलेटांचा वाटा, आणि वर एक जरा मोठं. "हे बघा. हे मोठं त्या बाजूच्या मोठ्यांत ठेवलं तर कोण विचारंल याला? तिथं हे बारीक दिसंल. छोट्यांच्या वर ठेवलं की गिऱ्हाईक थांबतं. माझी पोर तिथं मोठी दिसते ती तिथंच बरी. अजून एक मेडल आलं की पोलिसात लागंल. मग तुम्ही तिला शंभर किलोत घाला."

सर, मी तीस वर्षं या खेळात आहे, पण वजनगट म्हणजे काय हे इतक्या कमी शब्दांत मला कुणी सांगितलं नव्हतं. अठ्ठेचाळीसात ती सगळ्यांहून उंच आहे. तिचा डावा हात समोरच्या मुलीपर्यंत पोचतो, समोरचीचा पोचत नाही. उजवा लागला की मुली दोरीला जातात. हे सगळं चोपन्नात तिच्याकडून काढून घेतलं जाईल, आणि बदल्यात मी तिला काय देणार, तर दोन वेळचं जेवण आणि चालणारे पाय. मी क्रेटवरून उठलो. निघताना आईनं अर्धा डझन बांगडे पिशवीत घातले आणि म्हणाली, "रागावू नका मास्तर, पोरीचं भलं तुम्हालापण पाहिजे, मालूम हाय मला."

आज मंगळवारी मी मुलुंडच्या क्लबमधली चोपन्नची एक मुलगी बोलावून घेतली आणि दोघींना तीन फेऱ्या उभं केलं. आदल्या दिवशी हिला पोटभर जेवायला लावलं होतं. पहिल्या फेरीत हिनं आपला उजवा बसवला, चांगला बसवला, आणि समोरची पोरगी तो खाऊन पुढे आली. हिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी ओळखतो. आपल्याकडचा सगळ्यात मोठा शब्द उच्चारावा आणि समोरच्यानं "बरं, मग?" म्हणावं, तसं. दोन फेऱ्या ती मागे मागे जात राहिली. तिसऱ्या फेरीत मुलुंडची दमली आणि हिचे पाय पहिल्या फेरीइतकेच हलके चालत होते. मी सहा वर्षांत तिची तिसरी फेरी अशी कधी पाहिली नव्हती. अठ्ठेचाळीसात ती तिसरी फेरी दात आवळून काढते; इथे ती खेळत होती. हरली, पण खेळत होती.

घंटा झाल्यावर ती रिंगच्या कडेला पाय सोडून बसली. "बघितलं ना सर? वाट लागली माझी."

"तिसरी फेरी बघितलीस का?"

"हरल्यावर तिसरी फेरी कोण बघतं यार." मग जीभ चावून, "सॉरी सर." यार हा शब्द मला उद्देशून निघाल्याबद्दल. हाताची पट्टी सोडता सोडता ती म्हणाली, "तुम्ही पण अठ्ठेचाळीसमध्येच होता ना? तुम्ही का नाही गेलात वर?"

"आमच्या सरांनी जाऊ दिलं नाही." वाक्य आपलं आपणच बाहेर पडलं.

"तेच तर सांगते मी तुम्हाला," ती म्हणाली. "तुम्ही रोज सांगता, आमच्या सरांना सगळं कळायचं, आमचे सर असे, आमचे सर तसे. त्यांनी तुम्हाला खाली ठेवलं म्हणजे काहीतरी बघूनच ठेवलं असेल ना? मग तुम्ही मला का वर ढकलता?"

यावर खरं उत्तर द्यायला सव्वीस वर्षांचं वाक्य मोडावं लागणार होतं. मी फळा पुसायला घेतला. फळ्यावर काही नव्हतं. मग हॉलमधली बाकीची मुलं गेल्यावर तिला सांगितलं, जसं झालं होतं तसं. ऐकता ऐकता तिनं पट्टीची गुंडाळी केली. शेवटी म्हणाली, "म्हणजे तुमची फाटली होती."

"संस्कृतात याला वेगळा शब्द आहे."

"असेल. मला सांगून काय उपयोग, मी काय तेव्हा जन्मले होते? ज्यांच्यावर ढकललंत त्यांना सांगा."

"ते नाहीत आता."

"मग लिहा. शाळेत नाही का आम्हाला निबंध लिहायला लावायचे." ती बॅग खांद्याला लावून दारात उभी राहिली. "तुम्ही लिहा, मग मी आकडा टाकते. दाखवायला नको. तुम्ही खोटं बोललात की मला कळतं, तुमचा डावा खांदा खाली येतो."

सर, माझा डावा खांदा खाली येतो हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. एवढी वर्षं मी त्याच खांद्यानं सगळ्यांना ते वाक्य ऐकवत होतो. ती तिकडे बसनं मढला पोचली असेल, आईला सांगितलं असेल की मास्तर विचार करतायत, आणि आई म्हणाली असेल करू दे. ती काय आकडा टाकेल मला माहीत नाही. तिनं चोपन्न लिहिलं तर वर्षभर ती हरेल, तिची आई मला बांगडे देणं बंद करेल, पोलिसातली नोकरी लांबेल, आणि ते सगळं माझ्या नावावर येईल. ते येऊ दे. निदान या वेळी ज्याचं त्याच्या नावावर येईल.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. तुमच्या कारखान्याच्या जागी आता मॉल आहे आणि कॅन्टीनला तिथे फूड कोर्ट म्हणतात. पण मला त्या जुन्या कॅन्टीनचं लांब लाकडी बाक नीट आठवतं. मी वीस वर्षांचा आहे. तुम्ही दुपारच्या सुट्टीत आम्हा दोघांना बोलावून घेतलंय, मला आणि त्या तीळवाल्याला. समोर उसळीच्या दोन ताटल्या, प्रत्येकीत दोन पाव. तुम्ही म्हणता, "दोघंही अंगानं वाढलात. वर जाल का? पहिलं वर्ष मार खाल, आधीच सांगतो." तो तोंडात घास असतानाच म्हणतो, जातो. मी म्हणतो, "नको सर, मी इथे बरा आहे." तुम्ही पुन्हा विचारता, फक्त माझ्याकडे बघून, "नक्की?" आणि मी म्हणतो, नक्की. कारण इथे मी विजेता होतो आणि तिथे मी पहिल्याच फेरीत हरणारा कुणीतरी झालो असतो, आणि लोकांनी मला तसं पाहिलेलं मला सोसलं नसतं. तुम्ही समजावलं नाहीत, रागावला नाहीत. माझ्या ताटलीतला दुसरा पाव उचललात आणि त्याच्या ताटलीत ठेवलात.

सर, मला भूक होती.